वरचा सूर तिच्याकडे

मला एक जपानी गाणं अथपासून इतिपर्यंत येतं, आणि ते मी म्हटलं की कुणालाही ओळखू येत नाही. कारण मला त्यातला फक्त खालचा सूर येतो. वरचा, म्हणजे ज्याला लोक चाल म्हणतात तो, माझ्या मैत्रिणीकडे आहे आणि मैत्रीण नागोयात आहे.

पुण्यात इंजिनिअरिंग करता करता आम्ही दोघी संध्याकाळी जपानीच्या क्लासला जायचो. आमच्या बाईंना तिकडच्या एका जोडीच्या गाण्यांचं भारी वेड. दोन मुली, एक गिटार आणि साधीसुधी गाणी. बाईंनी क्लासच्या संमेलनासाठी आमची जोडी लावली. तिचा आवाज उंच म्हणून वरचं तिला. मी उरले म्हणून खालचं मला. आता आपल्याकडे मिळून गायचं म्हणजे आरतीसारखं, सगळ्यांनी एकाच सुरात. शेजारी एक सूर लागलेला असताना मुद्दाम दुसराच धरून बसायचं, हे माझ्या गळ्याला पटेचना. मी सारखी तिच्या सुरात जाऊन बसायचे. "तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, स्वतःचं म्हण!" बाई ओरडायच्या. शेवटी मी लक्ष न द्यायला शिकले आणि गाणं जमलं. तेव्हा फोनवर रेकॉर्ड करायची पद्धत नव्हती, त्यामुळे टाळ्या पडल्या हे तुम्हाला माझ्याच तोंडून ऐकून घ्यावं लागेल.

पुढे ती जपानला गेली. मी जपानी शिकून जर्मनीत आले, यावर आमच्या घरात अजून विनोद होतात. रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी, नवरा, मुलगी, सगळं रीतसर. भांडी लावताना मात्र तोंडात तेच गाणं. सासूबाई इथं राहायला आल्या की म्हणतात, "अगं, गोड गळा तुझा, पण चाल कुठाय याला?" मुलगी त्याहून स्पष्ट. "मामा, डास इस्ट गार काइन लीड." म्हणजे, आई, हे मुळी गाणंच नाही. बरोबर आहे तिचं. अर्ध्याला कोण गाणं म्हणेल?

व्हिडिओ कॉलवर आम्ही प्रयत्न केला होता. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्यानं सगळं विस्कटतं. दोन ओळींत हसायला लागायचो. मग नाद सोडला. त्या जपानी जोडीनं वेगळं होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिचा मेसेज आला: "त्या फुटल्या. आपण अजून आहोत हं!" मी बसमध्ये तो वाचून रडले. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांना काय सांगणार होते, की माझं एक गाणं दोन खंडांत पडलंय? एकदा, फक्त एकदा, तिच्या शेजारी उभं राहून ते म्हणायचं होतं मला. बाकी काही मागणं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ती खरंच आली. जपानी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून. "जेवणानंतर थोडा मोकळा वेळ आहे, मग म्युनिकची बस. दगडी पुलाशी ये." मी अर्धी रजा टाकली. सासूबाईंनी तिच्यासाठी चकल्या दिल्या. डॅन्यूबच्या काठावर बाकावर बसून तिनं त्या एकामागून एक खाल्ल्या, मग म्हणाली, "आता घसा धरेल, चल लवकर."

तिनं सुरुवात केली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले.

"इतकं खाली का घेतेस?"

"अगं, वर नाही जात आता. थायरॉइडचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून."

ऑपरेशनचं तिनं मला कळवलं होतं. आवाजाचं कळवलं नव्हतं.

"बघ तरी," ती म्हणाली. मी बघितलं. तिचा सूर इतका उतरलेला, की त्याच्याही खाली जायचं म्हणजे माझ्या घशातून नुसती हवा येत होती. ती खो खो हसली. "बरं, मग माझंच म्हण माझ्याबरोबर. आरती समज." तेही केलं. पण दुसऱ्याच ओळीला माझा गळा आपोआप जुन्या वाटेला लागला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पलीकडे तिची मंडळी बसजवळ जमायला लागली होती.

"तूच म्हण," मी म्हणाले.

तिनं एकटीनं म्हटलं. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबली, एका जागी आवाज फाटला, तशीच पुढे गेली. ती चाल मी त्या जपानी जोडीच्या रेकॉर्डवर असंख्य वेळा ऐकली होती. तिच्याकडून पहिल्यांदाच नीट ऐकत होते. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी झुरले, तो आठवून बघितला, आणि काही केल्या आठवेना. मला भीती वाटली.

गाणं संपलं. बसमधून तिला हाक आली.

"तेव्हा तुझा आवाज कसा होता गं?" मी विचारलं.

ती पर्स उचलता उचलता थांबली. "मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "शेजारी तू उभी होतीस."