कातरणीच्या दिवशी आलेलं वादळ

आमच्या गल्लीत समुद्राची काळजी करणारा एकच माणूस आहे आणि त्याने समुद्र पाहिलेला नाही. जोतिराम एस.टी.च्या कार्यशाळेत मिस्त्री आहे. बसखाली आडवा झालेला असला तरी खिशातल्या मोबाइलवर बंगालचा उपसागर चालू असतो. तिकडे कुठे ढग गोल फिरायला लागले की हा इकडे सोलापुरात, भर उन्हात, दोरीवरच्या कपड्यांकडे काळजीने बघतो. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, त्याचा भिंतीला भिंत लावून शेजारी. याच्या वादळांपायी माझा सकाळचा चहा कितीदा गार झालाय, ते विचारू नका.

चिडतो मी, पण मला कारण ठाऊक आहे. वेळापूरच्या पुढे वस्तीवर त्याची आई म्हाळसाबाई अजून मेंढरं राखते. पावसाळा सरला की धनगर मेंढरांची लोकर कातरतात आणि नेमकी त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरातली वादळं आंध्रात चढतात. त्यातलं एखादं तेलंगणातून थेट आमच्यापर्यंत येतं. येईपर्यंत वाऱ्याचा जोर संपलेला असतो, पण गार पाऊस शिल्लक असतो. नुकतं कातरलेलं मेंढरू त्या पावसात भिजलं तर गारठून मरतं. जोतिराम लहान असताना त्यांची निम्मी मेंढरं अशीच गेली. ते सांगताना तो कधी माझ्याकडे बघत नाही.

त्याचं शास्त्रही त्याच्यासारखंच घरगुती आहे. पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार पडलं की त्याला ला निना म्हणतात, हे त्याने मला मडक्यातलं पाणी दाखवून शिकवलं. "आसल्या वर्षी आपल्या बाजूला वादळाला बळ मिळतंय, सर. पन येनारच आसं न्हाय. आन् आलं तरी कुटं वळंल ते कुनाच्या बापाला सांगता येत न्हाय."

मोबाइलवरच्या रेषांवर त्याचा पुरता विश्वास नाही. एक रेष ओडिशाकडे जाते, दुसरी आपल्या अंगावर येते. मग तो समोरच्या कमलम्मांकडे जातो. कमलम्मांचं घर विणकरांचं आणि त्यांचे पाहुणे काकिनाड्यापासून जहीराबादपर्यंत, म्हणजे बरोबर वादळाच्या वाटेवर, पसरलेले. बाई एकेकाला फोन लावतात, तेलुगूत सगळ्यांची खुशाली विचारतात, कोणाचं लग्न जमलं ते ऐकून घेतात आणि शेवटी फोनवर हात ठेवून म्हणतात, "खम्ममला पाऊस पडतोय म्हणे." एवढ्या एका वाक्यासाठी जोतिराम ओट्यावर तासभर बसलेला असतो. मला हसू येतं आणि त्याच्याबद्दल मायाही वाटते.

गेल्या वर्षी त्याने आईला कातरण थांबवायला लावलं. तिकडे हे काम सावडीनं चालतं. आज सगळ्यांनी मिळून हिची मेंढरं कातरायची, उद्या त्याची. मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. म्हाळसाबाईंनी स्वयंपाक झालेला असताना माणसं परत पाठवली. वादळ ओडिशाकडे वळलं आणि वस्तीवर लख्ख ऊन पडलं. सावडीची माणसं रुसली, पाळी गेली, कातरण लांबलं आणि लोकरीत कुसळं भरून तिचा पार चोथा झाला. "जोत्याचं वादळ कुटवर आलं?" असं लोक म्हातारीला महिनाभर विचारत होते. जोतिरामला हे फार लागलं होतं.

त्यामुळे यंदा म्हाळसाबाईंनी कातरणीचा दिवस त्याला सांगितलाच नाही. त्या सकाळी चुलतभावाकडून कळलं, तेव्हा कात्र्या चालूही झाल्या होत्या. उपसागरातलं वादळ आदल्या दिवशीच काकिनाड्याला चढलेलं. जोतिराम फोन हातात धरून नुसता बसून राहिला.

"अरे, लाव की फोन," मी म्हणालो.

"परत चुकलो तर, सर? तिला लोकांत मान वर करता येनार न्हाय."

दुपारी कमलम्मा स्वतःच रस्ता ओलांडून आल्या. खम्मम झालं, हैदराबाद झालं, आता जहीराबादला झड लागली होती आणि गार वारा सुटला होता. मी घरात जाऊन माझ्या जुन्या व्हॅनची किल्ली घेतली. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो अजून तिथेच बसला असता.

पोहोचलो तेव्हा सगळी मेंढरं कातरून झाली होती. उघडी पडलेली, अंग चोरून एकमेकांना चिकटलेली. आभाळ पूर्वेला काळवंडलं होतं, पण डोक्यावर अजून ऊन होतं. पाऊस येतोय असं जोतिरामने सांगितलं तशी पंगतीतली माणसं हसली. म्हाळसाबाई हसल्या नाहीत. "गेल्या साली बी हेच म्हनला हुतास," एवढंच बोलल्या आणि वाढायला वळल्या.

त्याने वाद घातला नाही. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, वाघरीच्या पलीकडे त्याचं नवं घर उभं होतं. दोन खोल्या, वास्तुशांती व्हायची होती, बायकोने सोलापुरातून एकेक फरशी निवडून नेलेली. त्याने कुलूप काढलं, एक मेंढी उचलली आणि त्या फरशीवर नेऊन ठेवली. मग दुसरी. पंगत हसायची थांबली.

"आरं, घर बाटवतूस व्हय? तुजी बायकू मला काय म्हनंल?"

"मला म्हनू दे की."

म्हातारीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हातातली पळी ठेवली आणि मेंढरांना हाळी दिली. सगळा कळप धडपडत नव्या घरात शिरला. अंधार पडायच्या आत पाऊस आला. बारीक, गार, न थांबणारा. सावडीची माणसं आपापल्या मेंढरांकडे पळाली.

सकाळी दार उघडलं तेव्हा फरशीची दशा सांगण्यासारखी नव्हती. मेंढरं मात्र सगळी जिवंत होती. पाऊस चालूच होता. उंबऱ्यावर आईशेजारी बसून जोतिरामने मनात अडकलेलं शेवटी विचारलं, "आये, यंदा बी चुकलो आसतो तर गं?"

म्हाळसाबाईंनी त्याच्या डोक्यावर पदर धरला. "चुकला आसतास तर ऊन पडलं आसतं की, बाळा. त्यात काय वंगाळ?"