सात वार आणि तांड्याचं तूप

मठवाडीच्या मठात जमनाबाई उभ्या आयुष्यात चार वेळा गेली, आणि चारही वेळा रागातच गेली. तिचा धनसिंग पुढं मास्तर झाला, तांड्यातल्या लेकरांना बाराखडी शिकवू लागला, हे औंढ्याच्या बाजारात कुणीही सांगेल. पण त्या मास्तरकीखाली त्याच्या आईचा किती राग जळला, ते कुणी सांगत नाही. म्हणून ते इथं सांगायचं.

पहिल्यांदा ती गेली ती पोराचा कान धरून घरी आणायला. साल पस्तीस असेल, वैशाखाचे दिवस. धनसिंग सोळा वर्षांचा. म्हशी माळावर सोडून हा पठ्ठ्या तीन कोस चालत मठात जाऊन बसला होता. निजामाच्या सरकारी मदरशात तेव्हा सगळं उर्दूत चालायचं. मराठीतून पुराण, व्याकरण, गणित शिकायचं तर या भागात मठाचं विद्यापीठ तेवढं होतं. विद्यापीठ म्हणजे दगडी ओवऱ्या, मधे विहीर, आणि साठेक पोरं. पण सहा वर्षं तिथं टिकलं की सनद मिळायची, आणि सनद असली की कोणत्याही गावची खाजगी शाळा मास्तर म्हणून ठेवून घ्यायची.

जमनाबाई मठाच्या दारात पोचली तेव्हा परीक्षा चालली होती. शास्त्रीबुवा बारा ओव्या एकदा म्हणत, आणि प्रवेशाला आलेल्या पोरानं त्या परत म्हणायच्या. कुणी चार म्हणे, कुणी पाच. धनसिंगनं बाराच्या बारा म्हटल्या. सातव्या ओवीत शास्त्रीबुवांना ठसका लागला होता, तर पोरगं त्या जागी बरोबर तसंच खोकलं. त्याला वाटलं, तेही म्हणायचं असतं. त्याचा बाप लालसिंग तांड्याची सगळी वंशावळ तोंडपाठ सांगायचा. त्यात कुठला पूर्वज कुठं अडखळला तेही तसंच सांगायची रीत होती.

ओवरीतली पोरं हसली. शास्त्रीबुवा हसले नाहीत. म्हणाले, "या मुलाला घ्या."

पटावर नाव लिहिणं मात्र कारभारी तातेरावांच्या हाती. तातेराव बोलायला फार गोड माणूस. आवाज कधी चढला नाही त्यांचा.

"घेऊ की. आमच्याकडं जात कोण पुसतं? देवाचं घर हे. नियम एकच. गुरुपौर्णिमेपर्यंत सात वार आणायचे."

वार म्हणजे जेवणाचा वार. गावातल्या सात घरांनी एकेक दिवस वाटून घ्यायचा; सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी. विद्यार्थ्यानं भिक्षेवर राहायचं, म्हणजे त्याचा अहंकार मोडतो, असं मठाचं म्हणणं. नियमात जात कुठंच लिहिली नव्हती. जात त्यांनी सात उंबऱ्यांवर नेऊन ठेवली होती आणि हात झटकले होते.

जमनाबाईला ते तेव्हाच कळलं. कान धरायला आली होती ती पोराचा हात धरून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "मागून खाणार?"

"याडी, तिथं समदेच मागून खातात." तांड्यात आईला याडी म्हणतात.

"ते खातात. तुझ्या बापजाद्यानं खाल्लं न्हाई."

हे खरं होतं. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून ही माणसं मुलूखभर फिरली, पण ज्या गावच्या विहिरीचं पाणी प्यायली त्या विहिरीच्या काठावर मूठभर मीठ ठेवल्याशिवाय पुढं गेली नाहीत. बैल गेले, मीठ गेलं, आता शेती आली, म्हशी आल्या. रीत तेवढी राहिली.

तरी तिनं पोराला अडवलं नाही. ठसक्यासकट बारा ओव्या म्हणणाऱ्या लेकराला म्हशीमागं कसं ठेवायचं?

धनसिंग महिनाभर मठवाडीत दारोदार फिरला. पहिला सोमवार दिला मनकर्णाबाईनं. मनकर्णा ही गावातली विधवा, पाच एकराची मालकीण, तोंडानं फटकळ. तिनं अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सोमवार माझा. ज्याला बाटायची भीती हाय त्यानं घरात बसावं." मग लाजेकाजेस्तव एकेक घर निघालं. कुंभारानं मंगळवार दिला, गुरवानं गुरुवार. शनिवार मिळता मिळेना, तो शेवटी किराणा दुकानदारानं दिला. ज्येष्ठाच्या अखेरीला धनसिंग वारावर जेवू लागला.

जमनाबाई एकदा बघून आली. पोरगं अंगणात, पत्रावळ वेगळी, जेवल्यावर आपली जागा आपणच शेणानं सारवत होतं. ती घरी आली आणि आठ दिवस कुणाशी बोलली नाही. म्हशींचं दूध मात्र एक थेंब विकलं नाही. विरजलं, घुसळलं, कढवलं, आणि पुढच्या आठवड्यात सात घरी तांब्या तांब्या तूप नेऊन दिलं.

मनकर्णा म्हणाली, "अगं, हे काहून?"

"माझं पोरगं खाऊन राहिलं तुमच्या घरी. तांड्यात फुकट खात न्हाईत."

"जमने, वाराला असं काही देऊ नये."

"मग मला झोप येत न्हाई," जमनाबाई म्हणाली, आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून निघाली.

हीच तिची चूक. तांड्याच्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

दुकानदाराला ते तूप इतकं आवडलं, की चार गिऱ्हाइकांत त्यानं वाखाणलं. "असं रवाळ तूप कनेरगावच्या नाक्यावर बी मिळत न्हाई." ते तातेरावांच्या कानी गेलं. गुरुपौर्णिमेला पूजा झाली, नवी नावं वाचून पटावर लिहिली गेली. धनसिंगचं नाव वाचलंच नाही. संध्याकाळी तो वळकटी घेऊन तांड्यात आला. रडला नाही. म्हणाला, "तुपानं घात केला, याडी."

दुसऱ्यांदा जमनाबाई मठात गेली ती अशी. पायात वहाण घालायचंही भान नव्हतं.

तातेराव ओवरीत पान लावत बसले होते. शेजारी शास्त्रीबुवा पोथी उघडून.

"बाई, आमचा काय दोष?" तातेराव म्हणाले. "वार म्हणजे भिक्षा. तू तूप दिलंस. ते अन्न विकतचं झालं. विकतचं खाणाऱ्याला खानावळ हिंगोलीत हाय, मठात न्हाई."

"तांड्यातून तुमच्या चुलीला दरसाल चार गाड्या लाकूड येतं. मठाच्या माळावर गुरं चरतात म्हणून. मग तुमी जेवता ते काय?"

"ते दान."

"आमी दिलं तर इकत, तुमी घेतलं तर दान?"

तातेरावांनी पानाला चुना लावला. "बाई शहाणी हाय."

जमनाबाईला तातेरावांचा राग आला होता, पण तो काही नवा नव्हता. गोड माणसाचा राग तिला पहिल्या दिवसापासून होता. अंगाचा भडका उडाला तो शास्त्रीबुवांकडं बघून. या माणसानं तिच्या पोराची बुद्धी ओळखली होती. आता पोथीत बोट घालून खाली बघत होता. पानही उलटत नव्हता.

"तुमी तर म्हणाला व्हतात, घ्या याला," ती म्हणाली.

शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता म्हणाले, "दिलेलं परत घेतलं तर वार शुद्ध होतो. तसा आधार आहे."

तातेराव हसले. "व्हय. अमावास्येच्या आत सातही घरांकडून परत घे. हितं, मठाच्या अंगणात, चारचौघांसमोर. लिहितो नाव."

ते का हसले ते जमनाबाईला ठाऊक होतं. तांड्यात दिलेली वस्तू परत घेणं म्हणजे ते घर आपल्याला मेलं असं सांगणं. भांडण विकोपाला गेलं तरी माणूस तसं करत नाही. तातेरावांनी तिच्यासमोर भिंत बांधली नव्हती. तिची स्वतःची रीतच तिच्या वाटेत आडवी टाकली होती.

वाटेत खाजा मिया भेटले. कापूस पिंजणारे, लालसिंगचे जुने दोस्त. झाडाखाली धनुकली ठेवून बिडी ओढत होते. तिनं सगळं सांगितलं.

"मी शुक्रवार दिला असता, भाभी. पण माझी भाकर तुमच्या विद्यापीठाला वळखत न्हाई."

"आग लावावीशी वाटून राहिली त्या मठाला."

"लावा. पोरगं मग कुठं शिकल?" खाजा मियांनी बिडी विझवली. "गुस्सा कापसासारखा असतो. पिंजत बसलं की फुगतो, वाऱ्यावर उडून जातो. दाबून भरा. थंडीच्या दिसांत कामाला येतो."

घरी जाऊन तिनं मोठी चरवी राखेनं घासून ठेवली.

अमावास्येच्या आदल्या सकाळी ती तिसऱ्यांदा मठात गेली. अंगणात मधोमध बसली, चरवी पुढं ठेवून. पहिलं तूप तर घरोघरी खाऊन संपलं होतं. तिच्या निरोपावरून सातही घरांनी कुठून कुठून तूप जमवून आणलं होतं. पोरं ओवरीतून बघत होती. मनकर्णा पहिली आली. तांब्या तिरपा करता करता थांबली.

"जमने, माझ्यानं होईना."

"वता," जमनाबाई म्हणाली. "माझ्याकडं बघू नका. चरवीकडं बघा."

एकेक घर आलं आणि ओतून गेलं. शनिवारच्या दुकानदाराचा तांब्या अर्धाच भरलेला. मनकर्णानं तिथंच त्याला धरलं. "वाखाणताना तर घागरभर वाखाणलंस की रे, मेल्या." पोरं फिस्सदिशी हसली. जमनाबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. प्रत्येक धारेबरोबर ती सासरच्या, माहेरच्या मेलेल्या माणसांची मनात माफी मागत होती.

तातेरावांना आता मार्ग उरला नाही. पट आणला, टाक बुडवला. धनसिंग वल्द लालसिंग. जमनाबाईला अक्षर येत नव्हतं. ती उठून पटाजवळ गेली आणि वाकून बघत राहिली.

"लिहिलं ना, बाई. जा आता."

"वाळू द्या," ती म्हणाली.

शाई वाळेपर्यंत ती हलली नाही.

ते तूप तिनं कुणाला खाऊ दिलं नाही. तांड्यात सेवाभायाच्या देवळापुढं भोग लावला आणि चरवी रिकामी होईपर्यंत आगीत ओतत राहिली. तांड्यातल्या बायांना वाटलं, पोराचं नाव लागलं म्हणून आनंदानं करून राहिली.

सहा वर्षं ती मठवाडीच्या वाटेलाही गेली नाही. धनसिंग सणाला घरी यायचा, तो सांगायचा. पावसाळ्यात ओवरी गळते. पहाटे विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ. व्याकरणात पहिला आला. अंगण अजून सारवावं लागतं. शास्त्रीबुवा आपल्या पोथ्या त्याला हातानं उतरवून घेऊ देतात. हे शेवटचं ऐकलं की ती चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारायची. त्या माणसाला तिनं माफ केलं नाही. भल्या माणसाचं गप्प बसणं तिला तातेरावांच्या गोड बोलण्याहून जास्त लागलं होतं.

एक्केचाळीसला सनद मिळाली. समारंभाला आयांना बोलावणं होतं, खण-नारळानं ओटी भरणार होते. जमनाबाई गेली नाही. मठाबाहेर चिंचेखाली उभी राहिली, सोबत तुपाची मोठी घागर. धनसिंग बाहेर आला.

"हातात हाय?"

"हाय, याडी."

"शिक्का बसला?"

"बसला."

"आता कुणाला खोडता येतंय का?"

"हैदराबादेहून माणूस आला तरी येत न्हाई."

"मग चल."

ती सातही घरी गेली. सहा घरी भांडं काठोकाठ भरून दिलं. मनकर्णाबाई आता थकली होती; तिनं तांब्या घेतला आणि जमनाबाईच्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. दुकानदाराला जमनाबाईनं अर्धाच तांब्या दिला. त्यानं तो मान खाली घालून घेतला. शेवटी ती खाजा मियांकडं गेली.

"मी तर वार दिलाच न्हाई, भाभी."

"शुक्रवार धरला व्हता मी तुमचा. मनात."

मग ती चौथ्यांदा मठात गेली. समारंभाची माणसं पांगत होती. विहिरीपाशी जाऊन तिनं ओटीतली मिठाची मूठ काढली आणि काठावर ठेवली. सहा वर्षांचं पाणी. तातेरावांनी ओवरीतून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. आवाज पहिल्यांदाच चढला.

"हे काय ठेवलं? काय करून राहिली तू? करणी हाय का काय ही?"

शास्त्रीबुवा काठावरच्या मिठाकडं बघत उभे राहिले. त्यांना कळलं असावं. ते पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. जमनाबाईनं त्यांचा नमस्कार घेतला नाही, नाकारलाही नाही.

वाटेला लागल्यावर धनसिंग म्हणाला, "याडी, कारभारी घाबरले. ती आपली रीत हाय म्हणून सांगून येऊ का मी?"

"नको," जमनाबाई म्हणाली. "भिऊ दे."