अंदाज चुकला, हे तूच सांग

डॉ. शैलजा मॅडमच्या अमरावतीच्या दवाखान्यात मी सोनोग्राफी शिकायला गेले, त्याच आठवड्यात त्यांनी मला एका पेशंटसमोर चूक कबूल करायला लावली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात पहिली आठवण हीच सांगावी लागते, माझा इलाज नाही.

भातकुलीच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून, नववा महिना. बाळाचं वजन, डोक्याची ठेवण, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी पाहून मी तिच्या सासूला छातीठोकपणे सांगितलं, "नॉर्मल होईल." झालं सिझर. मॅडम म्हणाल्या, "अंदाज बांधणं आपलं कामच आहे. पण तो चुकला, हे तूच जाऊन सांग." वॉर्डात जाऊन "माझा अंदाज चुकला" म्हणताना मला रडूच आलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "काहून रडून राहिली वं माय? लेकरू तं खणखणीत हाये!"

मॅडमचा स्वतःचा अंदाज सहसा चुकत नसे, तरी त्या त्यावर विसंबत नसत. सेमाडोहच्या एका बाईचा रिपोर्ट निर्धास्त व्हावं असा होता. मॅडमनी मशीन बंद करून तिच्या नवऱ्याला विचारलं, "घरून इथं याले किती वेळ लागते?"

"परतवाड्याची जीप भेटली तं अर्धा दिवस. नाई भेटली तं काई सांगता येत नाई."

मॅडमनी दोघांना आपल्या घरामागच्या खोलीत ठेवून घेतलं. आठ दिवसांनी बाळंतपण नॉर्मलच झालं. तोवर त्यांचं जेवण मॅडमच्याच स्वयंपाकघरातून जात होतं.

आज मी अकोल्यात हेच काम करते, आणि सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. सोनोग्राफी मीच केली. करायला नको होती. बाळाचं तोंड वर आहे, वजनही जास्त वाटतं. अजून फिरेल, किंवा नाही फिरणार. दुसऱ्यांच्या लेकींना धीर देणारी मी, तेच फोटो तीनदा मॅडमना पाठवले. "नॉर्मल की सिझर, एवढंच सांगा," म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आता तू फक्त आई आहेस. मशीनपासून लांब राहा. मी येते."

अंदाज त्यांनी सांगितलेला नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघतात, एवढंच कळलंय.

मॅडम, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं आम्ही सगळे शिष्य मनापासून मागतो. माझं एकटीचं मागणं वेगळं आहे. उद्या गाडीत खिडकीशी बसू नका, वारं लागेल. आणि काहीही झालं, तरी ते मला लेबर रूममधून बाहेर येऊन तुम्हीच सांगा.