आईला खडकावर बसवून

सोपा म्हणूनच तो डोंगर मी निवडला होता. तुंगारेश्वरच्या रांगेची एक सोंड हायवेच्या बाजूला उतरते. तिच्या माथ्यावरून खाडी, मिठागरं, आमच्या नायगावचे टॉवर, सगळं दिसतं, असं ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. "लहान मुलंसुद्धा चढतात गं," ती म्हणाली. मला तेवढंच हवं होतं. मुलगा नऊ वर्षांचा होता आणि आई सत्तरीला टेकलेली.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली होती. रत्नागिरीकडच्या गावात तिचं अर्धं आयुष्य सड्यावर गेलेलं. गावाच्या डोक्यावरचं ते कातळाचं उघडं पठार. गवत कापायला, काजू वेचायला ती रोज तिथे चढायची. इथे चौदाव्या मजल्यावर तिला डाळ निवडण्यापलीकडे काम नव्हतं. डोंगराचं ऐकल्यावर ती इतकी खूश झाली, की तिच्यासाठी आणलेले नवे बूट आठवडाभर घरातच घालून फिरत होती.

मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सहाला निघायचं, पावणेसातला चढायला लागायचं, आठला माथा, तिथे नाश्ता, दहाला घरी. साडेदहाला मुलाचा चित्रकलेचा क्लास होता. नवऱ्याने ते वाचून विचारलं, "फिरायला चाललोय ना आपण?"

डिसेंबरातला रविवार होता. आईने पहाटे उठून घावणे केले, ओल्या खोबऱ्याची चटणी केली. पायथ्याला गाडी लावून आम्ही चढायला लागलो तेव्हाच पंधरा मिनिटं उशीर झाला होता.

आई सारखी थांबत होती. आधी कुड्याच्या झाडाशी थांबली, लोंबणाऱ्या जोडशेंगा मुलाला दाखवायला. मग करवंदीची जाळी आली. मग एक पक्षी ओरडला म्हणून उभी राहिली.

"आई, दमलीस का?"

"नाही गं. किती वर्षांनी बघतेय हे सगळं."

तिला खरंच दम लागलेला नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. त्यानंतर ती थांबेनाशी झाली. मान खाली घालून चालू लागली.

वाटेत वरून एक गृहस्थ उतरत आले. "अजून बराच चढ आहे," ते म्हणाले. "मावशींना झेपेल का?"

मी ते वाक्य पकडून ठेवलं. शेजारी सावलीत एक सपाट खडक होता. "आई, तू इथेच बस. आम्ही पटकन जाऊन येतो."

"अगं, ती व्यवस्थित चालतेय," नवरा हळूच म्हणाला.

"आणि उतरताना गुडघे धरले तर? तू उचलून आणणार आहेस?" हे मी हळू बोलले नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुम्ही या जाऊन," ती म्हणाली आणि खडकावर बसली. मी तिच्याजवळ पाण्याची बाटली ठेवली. डबा आमच्या पिशवीत राहिला.

पुढे दोन वळणं आणि एक छोटासा कातळाचा टप्पा, की आम्ही माथ्यावर. मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं लागली होती.

खाली खाडी चकाकत होती, मिठागरांचे चौकोन दिसत होते. मुलगा म्हणाला, "आजीला आणूया ना." नवरा उठलासुद्धा. मी म्हटलं, "पुन्हा खाली, पुन्हा वर, क्लास बुडेल. आजीला पुढच्या वेळी आणू." मग आम्ही तिने केलेले घावणे खाल्ले. मुलाने माझ्या फोनवर भराभर फोटो काढले.

परत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. "दिसली का खाडी?"

"दिसली. पण धुकं होतं, विशेष काही नाही," मी खोटं बोलले.

"आजी, अगदी जवळ होतं," मुलगा म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधू लागली. क्लासला आम्ही वेळेवर पोहोचलो.

दोनेक आठवड्यांनी ती गावी मावशीशी फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरात होते. "वरपर्यंत गेले ना," ती सांगत होती. "खाडी अशी वळत जाते, आणि मिठागरं म्हणजे कुणी आरसे मांडून ठेवलेत. नातवाने हात धरून नेलं मला." मुलाने दाखवलेले फोटो तिने इतके नीट पाहिले होते. तिचा फोन संपेपर्यंत मी बाहेर गेले नाही.

पुढची वेळ आलीच नाही. तो उन्हाळा गेला, मग तिचा उजवा गुडघा खरोखरच गेला. आता ती काठी घेऊन लिफ्टपर्यंत जाते आणि खाली बागेतल्या बाकावर बसते.

परवा मी तिला म्हटलं, "आई, गाडी वरपर्यंत जाते असा एखादा डोंगर बघते. जाऊया आपण."

"आता कशाला? बघून झालंय माझं."

हे ती मला सोडवायला म्हणाली, की तिला आता खरंच तसं वाटतं, मला कळलं नाही. त्या दिवसाबद्दल बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "नारळ संपलाय. संध्याकाळी येताना आण."

मी हो म्हटलं.