कान उभारलेलं आभाळ

श्री. धुळा सिदू गडदे. वय एकसष्ट, आधारकार्डाप्रमाणे. राहणार जत तालुक्याच्या पूर्वेकडची एक वाडी. शिक्षण तिसरी. व्यवसाय मेंढपालन. नेमणूक : मानद ढग निरीक्षक, मुदत तीन वर्षे, मानधन निरंक. मिळालेले साहित्य : टोपी एक, ढगांच्या दहा प्रकारांचा रंगीत तक्ता एक. कर्तव्य : रोज सकाळी सात वाजता आभाळाचा फोटो पाठवणे व ढगाचा प्रकार कळवणे. स्थानिक नावे वापरू नयेत.

ही शेवटची अट जड होती, कारण धुळाकडं स्थानिक नावांखेरीज दुसरं काही नव्हतं. सकाळी आभाळात लोकरीचे पुंजके दिसले तर ती मेंढरं. पुंजक्यांच्या माथ्यावर बारीक शेंडे उठले तर मेंढरांनी कान उभारले. आणि कान उभारले की दुपारनंतर वळीव, बहुधा गारांसकट. चाळीस वर्षं वाडीतली माणसं त्याला विचारून मेंढरं कातरत होती, आणि त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता. म्हणून तर हवामान खात्याच्या शिबिरात त्याची निवड झाली. निवड झाल्यावर त्याला शिकवण्यात आलं.

तक्त्यात पुंजक्यांचा ढग पाचव्या क्रमांकावर होता. राशीमध्य मेघ. उंची मध्यम. पाऊस नाही. शेंड्यांबद्दल तक्ता काही बोलत नव्हता. धुळानं शिबिरात हात वर करून कानांचं सांगितलं, तेव्हा साहेब हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वही पुढं कुठं गेली, माहीत नाही.

चैत्रात धुळाच्या मेंढरांची कातरणी ठरली. लोकरीला आता गिऱ्हाईक नाही, पण न कातरलेलं मेंढरू उन्हानं धापा टाकतं, गोचीड धरतं. कातरणी एकमेकांच्यात पाळीनं होते. आज याच्यात, उद्या त्याच्यात. दिवस मोडला की पाळी जाते. त्या सकाळी नऊ माणसं कातरी घेऊन आली होती आणि चुलीवर मटण चढलं होतं.

हरणाबाई, म्हणजे धुळाची बायको, भाकरी थापता थापता उठून बाहेर आली.

"आवं, वर बगा की. कान उभारल्यात. आज कातर लावू नगा."

"त्येला कान म्हनायचं न्हाई. राशीमध्य मेघ हाय त्यो."

"मग पडाय लागल्यावर त्येला काय म्हनायचं, ते बी इचारून ठेवा."

नऊ माणसं हसली. धुळानं फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं : राशीमध्य मेघ. पाऊस नाही. धन्यवाद. खाली दोन दिवसांचा अंदाज होता, हवामान कोरडे राहील. तरी तो कातर हातात घेऊन बराच वेळ वर बघत उभा राहिला.

पुतण्या बिरदेव म्हणाला, "तात्या, म्होरल्या पाळीपतूर थांबायचं व्हय? मिर्ग येईल तवर. का टोपी घातल्यावर आभाळ दिसंना झालंय?"

"गप रं. धर मेंढरू," धुळा म्हणाला.

पाय बांधून मेंढरं आडवी पडू लागली. दोन वाजेपर्यंत सत्तरातली अठ्ठावन्न उघडी झाली, गुलाबी, हडकुळी, एकमेकांना न ओळखणारी. तीनला पश्चिमेकडून काळं आलं. गारा वीस मिनिटं पडल्या, आणि नंतर तासभर गार पाऊस. माणसांनी घोंगडी, ताडपत्री, हरणाबाईची दोन्ही लुगडी मेंढरांवर टाकली. काढलेली लोकर गोळा करून अंगावर रचली. ती भिजली आणि जड झाली. पोत्यानं पुसून पुसून हात दुखले, तरी मेंढरांची थरथर थांबेना. अंधार पडायच्या आत त्रेचाळीस मेंढरं गेली. न कातरलेली बाराच्या बारा उभी होती आणि चरायला जायचं म्हणत होती.

"पाचव्या लंबरचा ढग," हरणाबाई एवढंच म्हणाली. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. धुळानं तो तेवढाही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यानं गारांच्या ढिगाचा फोटो पाठवला. उत्तर आलं : हा ढगाचा प्रकार नाही. कृपया आभाळाचा फोटो पाठवावा. आभाळ निरभ्र होतं. त्यानं ते पाठवलं. उत्तर आलं : धन्यवाद.

उरलेली मेंढरं बिरदेवाच्या कळपात गेली. पुढच्या कातरणीला माणसं दिवस विचारायला आली, तेव्हा धुळा म्हणाला, "मला काय कळतंय गड्या? फोनात बगा." माणसांनी फोनात बघितलं.

नेमणुकीची मुदत अजून दीड वर्ष बाकी आहे. धुळा कवठे महांकाळच्या बाजूला बेदाण्याच्या एका शीतगृहात पेट्यांना चिठ्ठ्या चिकटवतो. आत खिडकी नाही.