जिभेवर अडकलेलं औषध

अमेरिकेत अर्विंगमधले आमचे शेजारी काका मूळचे नागपूरचे. बोलताना एखादा शब्द अडला की ते डोळे मिटून घ्यायचे. कुणी सुचवायला गेलं तर म्हणायचे, “सांगू नको, आणखी अडकतो.”

काकूंना तापाने ग्लानी आली तेव्हा मीच दोघांना हॉस्पिटलमध्ये नेलं. इंजेक्शनआधी नर्सने ॲलर्जी विचारली.

“आहे. ‘प’पासून...” काका थांबले.

“पॅरासिटामॉल?” मी घाईने म्हणालो.

त्यांनी नकारार्थी मान हलवली, डोळे मिटले आणि काकूंच्या दंडावर तळहात ठेवला. नर्स थांबली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “पेनिसिलिन.” तिने सिरिंज बाजूला ठेवली.

काकूंना हे औषध चालत नाही, असं काकांनी मला पूर्वी दोनदा सांगितलं होतं. तरी माझ्या तोंडी पॅरासिटामॉल कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही.