काकूंचं नाक, काकांच्या भुवया

काकूंनी आयुष्यात सिगार तोंडाला लावला नव्हता, आणि तरी त्या कारखान्यातून एकही नवा सिगार काकूंच्या होकाराशिवाय बाहेर पडत नव्हता. याचं कुणाला नवल वाटलं तर काकू म्हणायच्या, "सुईणीला काय दर वेळी स्वतः बाळंत व्हावं लागतं?" समोरच्याकडे याला उत्तर नसायचं. उत्तर असणाऱ्याशी काकू सहसा बोलायच्याच नाहीत.

कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. एक लांबट खोली, उत्तरेला उंच खिडक्या, खिडक्यांखाली सिगार वळणाऱ्यांची टेबलं, आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकलेले पानांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांशेजारी काकूंचं स्टूल. सिगारच्या अंगाला तिथल्या माणसांनी आपल्या सोयीची नावं दिली होती. आत भरतात ते पोट, पोटाला आवळून धरणारं पान म्हणजे पट्टा, आणि सगळ्यांत वर, जगाला दिसतं ते पांघरूण. काकू पांघरुणाच्या कारभारीण होत्या. पान उजेडात धरून त्या शिरा बघायच्या, पालथ्या हातावर ठेवून मऊपणा बघायच्या, आणि बोट ओलं करून पानावर घासायच्या. पान रंगवून काळं केलेलं असलं तर रंग बोटाला लागायचा. असलं पान जुनं, मुरलेलं म्हणून खपवणारे व्यापारी काकू दिसल्या की मुकाट्याने वेगळा गठ्ठा सोडायचे.

तयार सिगार त्या कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबायच्या. कुरकुरला तर वाळका, दबून तसाच राहिला तर ओला, मध्येच पोकळ लागला तर वळणाऱ्याचं लक्ष घरी. मग न पेटवता दोन्ही टोकांना हुंगायच्या. आणि मग म्हणायच्या, "हा मी घरी नेते. सुट्टीभर माझ्याजवळ राहू दे, मग सांगते."

सुट्टीनंतर त्या सांगायच्या ते ऐकून वळणारे हातातलं काम ठेवायचे. सुरुवातीचे झुरके गोडसर, मध्यावर मिऱ्याचा चटका, शेवटाला किंचित कडू पण घशाला लागत नाही. कुणी ओढून बघावं तर अगदी तसंच. काकूंच्या नाकावर माशी बसायची झाली तर तीही परवानगी मागून बसत असेल, असं कारखान्यात म्हणत. काकू हे कौतुक नाही नाही म्हणत सगळं ऐकून घ्यायच्या.

खरी गोष्ट अशी की सिगार घरी जायचा तो काकांच्या तोंडात.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, शिंपी होते. पुढच्या खोलीत मशीन, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. ओठांत टाचण्या धरायची इतकी सवय की टाचण्या नसल्या तरी ते बोलायचे टाचण्या असल्यासारखेच, म्हणजे जेमतेम. सुट्टीच्या दुपारी ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून सिगार पेटवायचे आणि काकू समोरच्या पायरीवर मटार सोलत बसायच्या. डोळे मात्र काकांच्या चेहऱ्यावर.

"सुरुवातीला गोड लागतंय ना?"

काकांची उजवी भुवई वर जायची. "हं."

"आणि आता जरा मिऱ्यासारखं?"

"आहे थोडं."

"थोडं की बरंच?"

काका काकूंकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "बरंच."

भुवई कधी वर गेली, ओठाचा कोपरा कधी मुडपला, धूर सोडताना डोळे मिटले की नाही, हे सगळं काकू मनात टिपून घ्यायच्या. काकांच्या तोंडावर सिगारची अख्खी कुंडली उमटते, आपण ती फक्त वाचतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. कारखान्यात मात्र याविषयी अळीमिळी गुपचिळी. नाकाचं नाव झालं होतं, ते आता कुणाच्या भुवयांच्या नावे कशाला करा?

इतकी वर्षं सुरळीत चाललेलं हे सगळं एकाच आठवड्यात अडकलं.

थोरले मालक जाऊन कारखाना त्यांच्या मुलाकडे आला होता. चारचौघांत काकू त्याला मालक म्हणत आणि एकटा सापडला की अरे-तुरे करत, कारण ज्याचा शेंबूड पुसला त्या पोराला अहो-जाहो करायला जीभ वळत नव्हती. धंदा बसत चालला होता. अर्धी टेबलं रिकामी पडली होती. मालकाने ठरवलं की साध्या माणसाला परवडेल असा एकच सिगार काढायचा. आत लांब पानं नाहीत, कातरलेला चुरा. आता चुऱ्याला चव कितीशी असणार? सगळी भिस्त पांघरुणावर.

व्यापाऱ्याकडे दोन पानं होती. एक फिकट, रेशमासारखं, एकही डाग नाही. दुसरं काळपट, जाड, शिरा वर आलेल्या, नजर लागू नये म्हणूनच असं जन्माला आल्यासारखं. तात्या म्हणून सगळ्यांत जुने वळणारे होते, त्यांनी पोट तेच ठेवून दोन्ही पांघरुणांचे सिगार वळले. मालक काकूंना बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, सगळा साठा एकदाच उचलायचाय. हा सिगार चालला तर टेबलं राहतील. नाही चालला तर मी कुणाला ठेवू शकणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. मला स्वतःला फिकट आवडलंय. पण तुम्ही म्हणाल ते पांघरूण. सोमवारी सांगा."

काकूंनी दोन्ही जातींचे सिगार पदराआड घेतले आणि घर गाठलं. घरी काका डॉक्टरांकडून आलेले. खोकला दोन महिने हटत नव्हता म्हणून काकूंनीच धाडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सिगार बंद. कमी नाही, बंद. सुट्टीचासुद्धा नाही.

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. नवऱ्याची काळजी आणि कारखान्याची काळजी एकदम आली, आणि त्यांना खरोखर कळेना की आधी कुठली करावी. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात तेच करायचं. पुन्हा सिगारला हात लावलात तर मशीनची सुई लपवीन." काका बरं म्हणाले. ते जरा जास्तच लवकर बरं म्हणाले, पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं.

आता तोंड कुणाचं आणायचं?

शेजारी एक बँडवाले राहत. जन्मभर ट्रम्पेट वाजवून आता निवृत्त. दिवसाला एखादा सिगार ओढणारे, शिवाय फुकटचा म्हटल्यावर नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. काकूंनी त्यांना मागच्या दाराशी खुर्ची दिली, हातात फिकट पांघरुणाचा सिगार दिला आणि समोर बसून डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या.

बँडवाल्यांनी पहिला झुरका घेतला आणि दोन्ही गाल फुगवले. दुसरा घेतला, पुन्हा फुगवले. भुवया नाहीत, ओठ नाहीत, नुसते गाल. दम असा दांडगा की सिगारचं टोक निखाऱ्यासारखं रसरसलं, आणि जो सिगार निवांत तासभर चालावा तो बघता बघता बोटांशी आला.

"कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"गरम," बँडवाले म्हणाले.

काळ्या पांघरुणाचाही त्यांनी तसाच फडशा पाडला. "हा कसा आहे?"

"हापण गरम. अजून आहे का?"

इतक्या घाईने ओढलं तर कुठलाही सिगार कडूच होणार, हे काकूंना न ओढताही ठाऊक होतं. बँडवाले तृप्त होऊन गेले. काकू तशाच बसून राहिल्या. मग आत गेल्या. काका कुणाच्या तरी कोटाला काजं करत होते. काकू त्यांच्या मशीनसमोर बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. काकूंना रडताना बघायची काकांना सवय नव्हती. त्यांनी कोट बाजूला ठेवला.

"माझं नाक-बिक काही नाही हो," काकू म्हणाल्या. "सगळी तुमच्या तोंडाची करामत. तुमच्या भुवया बघून मी तिकडे सांगायची. लोकांना वाटतं मला हुंगून कळतं. आता मी सोमवारी काय सांगू? चुकले तर टेबलं जातील, तात्या घरी बसतील. आणि तुम्हाला मी काही पुन्हा ओढू देणार नाही, ते तर ठरलंच आहे."

काका बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिले.

"तुला रागवायचं असेल तर नंतर रागाव," ते म्हणाले. "मला सिगारमधलं काही कळत नाही."

"म्हणजे?"

"तरुणपणी तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून मला वासच येत नाही. तिखट-मीठ कळतं, बाकी सगळा धूर सारखा. गोड काय नि मिरी काय."

काकूंचे डोळे जागच्या जागी वाळले. "मग त्या भुवया?"

"तुझ्याकडे बघून. तू मला सिगार द्यायचीस तेव्हाच तुझं ठरलेलं असायचं. आवडलेला असला की पुढे वाकून बसायचीस, मटार सोलायचं विसरायचीस. नसला आवडला तर शेंगा चरचर फोडायचीस. आणि प्रश्न विचारायचीस त्यातच उत्तर असायचं. मी आपली भुवई वर करायचो."

"म्हणजे इतकी वर्षं कारखाना तुमच्या थापांवर चालला?"

"माझ्या कशाला? तुझ्या नाकावर चालला. मी मध्ये नुसता हो म्हणायला."

आता रागवावं की हसावं हे काकूंना ठरवता येईना, म्हणून त्यांनी आधी रागवायला घेतलं, कारण त्याचा सराव होता. फसवलंत, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, वास येत नाही म्हणून गेल्या वर्षी दूध करपलं तेव्हा म्हणे छान झालंय. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग काकू थांबल्या, कारण एक गोष्ट त्यांना कळत नव्हती.

"चव कळत नव्हती, मग ओढत कशाला होतात? घसा जाळून घेतलात तो कशासाठी?"

काका पुन्हा टेप गुंडाळू लागले. "तू समोर बसायचीस ना," ते म्हणाले. "सकाळी कारखाना, संध्याकाळी स्वयंपाक. आठवड्यात तेवढंच एक बसायचीस. तेही माझ्याकडे बघत."

काकू उठल्या आणि उरलेले दोन सिगार घेऊन पुन्हा मशीनसमोर आल्या. "बघा मग आता माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण भुवया जागेवर ठेवा."

फिकट सिगार त्यांनी नाकाशी धरला. वाळल्या गवताचा, दुधाच्या सायीसारखा सौम्य वास. सुंदर, पण आतला चुरा भराभरा जळणार, तापणार, आणि असलं नाजूक पान त्याच्यापुढे पहिल्या झुरक्यालाच हात टेकणार. मग काळा. त्याला मुरलेल्या मनुकांचा वास होता. जाड पान सावकाश जळतं, चुऱ्यालाही सावकाश जळायला लावतं, आणि ओठाला लागतं तेच गोड लागतं, म्हणजे मागून येणारा कडवटपणा निम्मा तिथेच विझतो. हे सगळं त्यांना कळत होतं. कुणाच्या तोंडाकडे न बघता कळत होतं, आणि त्याची त्यांना जरा भीतीही वाटली.

सोमवारी मालकाने तात्यांच्या देखत विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "काळं."

"काकू, दिसायला बघा ना ते. गिऱ्हाईक खोक्याचं झाकण उघडल्याबरोबर बंद करेल."

"पांघरूण दिसायला घेतात की उबेला? फिकट पान भारी पोटावर घाला, शोभेल. या चुऱ्याला काळंच पाहिजे."

"नक्की? सुट्टीभर जवळ ठेवलं होतं ना?"

"ठेवायची गरज नाही पडली," काकू म्हणाल्या. "मला इथेच कळलं होतं."

काळं पान उचललं गेलं. सिगार काही देखणा झाला नाही. पहिले काही दिवस खोकी दुकानात तशीच पडून राहिली आणि काकूंची पाचावर धारण बसली. मग ज्यांनी एक नेला ते दुसरा न्यायला आले आणि दुकानदारांची माणसं कारखान्याच्या दाराशी दिसू लागली. रिकामी टेबलं भरली नाहीत, पण भरलेली रिकामीही झाली नाहीत. मालक आता फिकट पानाचा विषय काढत नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला काका मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. हातात सिगार नव्हता, म्हणून हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. काकू मटाराची परडी घेऊन आल्या. काकांनी वर बघितलं आणि जरा दबकत विचारलं, "आज काय तपासायचंय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी आतून दुसरी खुर्ची ओढत आणली आणि समोर न ठेवता काकांच्या शेजारी ठेवली. आता एकाचं तोंड दुसऱ्याला दिसत नव्हतं. दोघांनी मिळून अर्धी परडी सोलली.

"बरं वाटतं गं असं," काका म्हणाले.

"मलापण," काकू म्हणाल्या.